एक जूनवाल्यांचा वकील

दिवाळी अंकाच्या संपादक बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "काका, तुमच्या वकिलीतल्या गमतीजमती लिहा ना." माझ्याकडे माणसं येतात ती झोप उडाल्यावर, त्यात कसल्या गमतीजमती? तरी हो म्हणालो, कारण माझी बायको शैला शेजारी बसली होती. मी नवीन केस घेण्यापेक्षा लेख लिहीत बसलेला तिला चालतो.

आधी मी कुठला वकील ते सांगतो. ज्युरीसमोर येरझाऱ्या घालत साक्षीदाराला घाम फोडणारे वकील वेगळे. मी इमिग्रेशनवाला, म्हणजे बाहेरून अमेरिकेत आलेल्यांचे व्हिसाचे आणि ग्रीन कार्डाचे कागद करणारा. इथे पिस्कॅटवे गावात, रस्त्याकडेच्या दुकानांच्या एका रांगेत, डेंटिस्ट आणि ड्रायक्लीनर यांच्या मधे माझं ऑफिस आहे. काम म्हणाल तर सोपं आहे. माणूस वाट्टेल तसा जगलेला असतो आणि सरकारला त्याचं आयुष्य एका ओळीत हवं असतं: जन्म, शिक्षण, लग्न, नोकरी. ती ओळ लावून द्यायची. मधे जे खाचखळगे असतात त्यांच्यावर माझं घर चाललं.

अशिलांचे नमुने पुष्कळ पाहिले. एक गृहस्थ फाइल आधी देवासमोर ठेवायचे, वर हळदकुंकू वाहायचे आणि मगच माझ्याकडे आणायचे. माझी सेक्रेटरी मारिया मूळची पोर्तुगालची. ती फाइल उघडली की तिची बोटं दिवसभर पिवळी. हा काहीतरी सुरक्षेचा उपाय असावा असा तिचा समज होता, आणि मी तो दुरुस्त केला नाही. दुसऱ्या एका जोडप्याने मला अमावास्येला अर्ज टाकू दिला नव्हता. कुरियरवाला अमावास्या पाळत नाही हे त्यांना पटवायला मला अर्धी दुपार लागली.

सगळ्यांत जास्त आठवतो तो नितीन. पुण्याचा मुलगा. २००१ साली कंपन्यांनी माणसं काढायला सुरुवात केली त्यात याचीही नोकरी गेली. वर्क व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की नुसती नोकरी जात नाही, इथे राहायचा हक्कच डळमळतो. दुसरी कंपनी झटपट मिळवावी लागते. त्यातच त्याचे आईवडील पुण्याहून आलेले, आणि त्यांना सांगायची याची छाती होईना. म्हणून हा रोज सकाळी टाय लावून, डबा घेऊन घराबाहेर पडायचा आणि माझ्या वेटिंग रूममध्ये येऊन बसायचा. तिथूनच फोन करायचा, इंटरव्ह्यू द्यायचा, मधल्या वेळात मारियाचा प्रिंटर दुरुस्त करायचा. शेवटी टेक्ससला फ्रिस्कोत काम मिळालं. निघायच्या आधी त्याचे वडील एकटेच मला भेटायला आले. म्हणाले, "वकीलसाहेब, त्याला कळू देऊ नका, पण आम्हाला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. घरी बसला असता तर त्यालाच जड गेलं असतं, म्हणून ही डबा करून देत होती." मी ते आजवर नितीनला सांगितलं नव्हतं. आता हा लेख त्याने वाचला तर वाचला.

पण लिहायला बसलो ते वेगळ्याच केससाठी. त्याआधी एक जूनवाल्यांबद्दल सांगायला हवं.

आपल्याकडे शाळा जूनमध्ये उघडायची. पोर पहिलीत घालायला बापाने हाताला धरून नेलं की गुरुजी विचारायचे, जन्मतारीख काय? बापाला आठवायचं ते एवढंच, की त्या वर्षी विहिरीला पाणी लागलं होतं. मग पोराचं वय नियमात बसेल असं वर्ष धरून गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. तीच तारीख शाळेच्या दाखल्यावर, तिथून पासपोर्टवर आणि तिथून अमेरिकेत. एका ऑफिसरने माझ्यासमोर एकाच घरातले तीन पासपोर्ट मांडून विचारलं होतं, "वकीलसाहेब, तुमच्या देशात बायका फक्त जूनमध्येच बाळंत होतात का?" त्याला तो सगळा बनाव वाटत होता. मी त्याला गुरुजी समजावून सांगितले. मी स्वतः एक जूनचा आहे, हे मात्र सांगितलं नाही. आईच्या हिशेबाने माझा जन्म दसऱ्याच्या आसपासचा. त्यामुळे अमेरिकन सरकारने मला चार महिने आधीच म्हातारा ठरवलं, आणि माझ्या हृदयाने बहुधा सरकारचीच तारीख मानली.

२००४ सालच्या ऑगस्टमध्ये सुधाकर आला. वर्धा जिल्ह्यातला, वयाने पंचेचाळिशीच्या पुढचा, जुन्या मोठ्या कॉम्प्युटरवर काम करणारा. बायको रेखा, मुलगी स्वप्ना इथल्या युनिव्हर्सिटीत, आणि इथेच जन्मलेला धाकटा मुलगा. कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डची पहिली पायरी काही वर्षांपूर्वी सुरू केली होती, तिची मंजुरी त्या आठवड्यात हातात आली. आता पुढचा अर्ज टाकायचा. त्यात बायको आणि मुलं बापाबरोबर येतात. अट एकच, मुलाला एकवीस पूर्ण झालेली नसावीत. अर्ज सरकारच्या दारात पडला की वय तिथेच गोठतं. पडायच्या आधी एकवीस पूर्ण झाली, तर बाप आत आणि लेक बाहेर.

मी स्वप्नाचा पासपोर्ट उघडला. एक जून. एकवीस पूर्ण होऊन दोन महिने झाले होते.

"सुधाकर, ही तारीख खरी आहे?"

"नाही हो काका. ती शाळेची. खरी ऑक्टोबरमधली आहे, कोजागिरीची. आमच्या घरी बर्थडे आम्ही ऑक्टोबरलाच सेलिब्रेट करतो."

रेखा शेजारी बसली होती. तिने फक्त मान डोलावली.

म्हणजे ऑक्टोबरपर्यंत वेळ होता, पण पासपोर्ट खोटा आणि आम्ही खरे हे सरकारला पटवायचं होतं. ते जमलं नाही तर स्वप्नाला वेगळी वाट धरावी लागणार, किंवा परत जावं लागणार, आणि उरलेलं घर इथे. याआधी अशी दोन मुलं माझ्या हातून निसटली होती. कायदा माझ्या बाजूने नव्हता हे खरं असलं, तरी त्यांच्या आयांचे चेहरे मला विसरता आले नाहीत.

जन्माची नोंद नसेल तर सरकार दोन गोष्टी मागतं. नोंद नाही असा दाखला, आणि जन्माची माहिती असलेल्या माणसांची अ‍ॅफिडेव्हिट. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट अ‍ॅफिडेव्हिट सगळ्यांना एकाच साच्यातलं करून देतात आणि इथले ऑफिसर ते वाचतसुद्धा नाहीत. माझी पद्धत वेगळी. मी भारतात फोन लावायचो, त्या माणसाला त्या दिवशी काय काय चाललं होतं ते विचारायचो, आणि तो बोलेल तसंच उतरवून घ्यायचो. खोटं बोलणाऱ्याला तारीख तोंडपाठ असते. खरं बोलणाऱ्याला भलतंच काहीतरी आठवतं.

सुधाकरला मी नीट समजावलं: गावातल्या मोठ्या भावाला सांग, नोंद नाही असा दाखला पाठवा. त्याने सांगितलं. मोठ्या भावाने ऐकलं, आणि पोरीच्या मायेपोटी माझ्यापुढे दोन पावलं गेला. तीन आठवड्यांनी सुधाकर हसतमुखाने कुरियरचं पाकीट घेऊन आला. आत जन्माचा कोरा करकरीत दाखला. तारीख, एक जून.

मी डोकं धरून बसलो. मारियाने विचारलं पाणी आणू का.

मोठ्या भावाला फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "अजी वकीलसाहेब, पोरीचं भलंच केलं ना मी! सगळ्या कागदावर एकच तारीख पाह्यजे का नाही? पासपोर्टशी जुळवूनच आणला दाखला. आता काऊन नाराज होता?"

"भाऊसाहेब, खरी तारीख तुम्हाला ठाऊक आहे?"

"ठाऊक नाही तं! कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेखाच्या माहेरून माणूस आला सांगायले. दुधाची कढई बी घासाची होती अजून."

"मग हे लिहून द्यावं लागेल. कढईसकट. आणि नवा दाखला तुम्ही पासपोर्टशी जुळवून काढलात, तो चुकीचा आहे, हेही."

ते गावातले वजनदार गृहस्थ. माझा दाखला चुकीचा आहे असं त्यांनी आपल्याच तालुक्याच्या गावी जाऊन लिहून द्यायचं म्हणजे चारचौघांत मान खाली घालणं होतं. "हे काही जमणार नाही," ते म्हणाले.

शेवटी म्हटलं, "मीपण एक जूनचाच आहे, भाऊसाहेब."

ते हसले. "मी बी," म्हणाले. "आमचा सुधाकर बी. गुरुजींनी एकाच दिवशी अख्खं गाव जन्माले घातलं पाहा." दुसऱ्याच आठवड्यात ते बसने तालुक्याला गेले आणि सगळं लिहून दिलं. असा माणूस चूक सुधारायला बसने जातो, याचं मला फार वाटलं.

इकडे माझं वेगळंच चाललं होतं. गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या हॉलचा जिना चढताना छाती भरून आली. तपासण्या झाल्या. कार्डिऑलॉजिस्ट माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने पडद्यावर माझ्या रक्तवाहिन्या दाखवल्या आणि बायपास करू या म्हणाला, याच महिन्यात. मी म्हटलं, ऑक्टोबरनंतर केली तर? शैला तिथेच होती. म्हणाली, "डॉक्टर म्हणजे कोर्ट आहे का, तारीख वाढवून मागायला?" डॉक्टरला मराठी येत नव्हतं पण सूर कळला. शेवटी तडजोड झाली. दोन स्टेंट टाकून डागडुजी करायची, आणि बायपास टळली नाही, फक्त पुढे गेली असं मी समजायचं. शैला आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. वरणात मीठ घालणंही तिने त्याच आठवड्यात बंद केलं. ते डॉक्टरच्या सांगण्यावरून होतं असं ती म्हणते.

आपल्या मंडळात कुठली गोष्ट लपत नाही. शैलाने रेखाला सांगितलं, रेखाने घरी, आणि एका दुपारी स्वप्ना एकटीच ऑफिसात आली. बॅकपॅक मांडीवर घेऊन बसली.

"काका, आई म्हणाली तुम्ही सर्जरी पोस्टपोन केली. इज इट बिकॉज ऑफ मी?"

"बऱ्याच गोष्टी असतात, बाळ."

"मी स्टुडंट व्हिसावर जाईन ना. लोक करतात. नंतर बघू काय होतं ते. यू डोन्ट हॅव टू डू धिस."

मी तिला खरं तेच सांगितलं. स्टुडंट व्हिसा म्हणजे शिक्षण संपेपर्यंतची सोय, पुढे तुला पहिल्यापासून एकटीने रांगेत उभं राहावं लागेल, आणि त्या रांगेचा शेवट मला दिसत नाही. ती ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "आय नो. रोज रात्री तेच गूगल करते." आणि रडायला लागली. बारा वर्षांची असताना आलेली ती मुलगी. तिच्या मैत्रिणी इथल्या, भाऊ इथला. मला तिची फार दया आली आणि त्याहून जास्त कौतुक वाटलं, कारण स्वतःचं असं सगळं पणाला लागलेलं असताना ती माझ्या छातीची चौकशी करायला बसने आली होती.

अर्ज स्वप्नाच्या खऱ्या वाढदिवसाच्या आधी गेला. त्यात मोठ्या भावाचं अ‍ॅफिडेव्हिट होतं, सुधाकरचं होतं, गावच्या एका नातलगाचं होतं. अडचण अशी की यातलं कोणीच जन्माच्या वेळी हजर नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, आपली रीतच तशी. रेखाचं माहेर पाच कोस पलीकडे. रेखाची आई गेलेली, दाईही गेलेली. रेखाचं दोन परिच्छेदांचं अ‍ॅफिडेव्हिट मी सगळ्यांच्या शेवटी जोडलं. जिचा स्वतःचा फायदा आहे तिच्या शब्दाला ऑफिसर कमी वजन देतात, हे माझं इतक्या वर्षांचं गणित.

पुढच्या उन्हाळ्यात सुधाकरच्या घराला ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात, मॉलमध्ये डॉक्टरने सांगितलेलं चालणं चालत असताना, मी एका बुटांच्या दुकानासमोर खाली बसलो. उठवलं ते अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी. या वेळी कोणी माझं मत विचारलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी अंजलीला फोन लावला. एडिसनमध्ये जन्मलेली मराठी मुलगी, वकिली सुरू करून फार दिवस झाले नव्हते. तिने केस घ्यायचं कबूल केलं. मी तिला सांगत सुटलो: दाखल्याची भानगड आधी आपणच काढायची, कढईचा मुद्दा विसरायचा नाही, ऑफिसर तिरका बोलला तर गुरुजी समजावायचे. "अंकल, आय गॉट इट," ती म्हणाली. मी आणखी एक मुद्दा सांगणार तोच शैलाने माझ्या हातातून फोन घेतला, अंजलीला "थँक यू, बाळा" म्हटलं आणि बंद केला. मला तेव्हा राग आला होता. इतकी वर्षं मी प्रत्येक इंटरव्ह्यूला स्वतः गेलो होतो. मी नसलो की केस बुडते असं मला अगदी मनापासून वाटायचं.

इंटरव्ह्यू झाला तेव्हा मी हॉस्पिटलात होतो. केस मंजूर झाली एवढंच शैलाने सांगितलं. पुढचं विचारू लागलो तर म्हणाली, घरी गेल्यावर.

घरी आल्यावर काही दिवसांनी रेखा आली. शैलाच्या हुकमाप्रमाणे बिनमिठाचं पिठलं आणि ज्वारीची भाकरी घेऊन. मी आरामखुर्चीत होतो. बायपासवाल्यांना हॉस्पिटलवाले एक उशी देतात, खोकला आला की छातीशी घट्ट धरायची, टाके ओढले जाऊ नयेत म्हणून. ती मांडीवर होती. इतक्या महिन्यांत ही बाई माझ्या ऑफिसात दहा वाक्यं बोलली नसेल. त्या दिवशी खुर्ची पुढे ओढून बसली आणि स्वतःहून सांगू लागली.

"ऑफिसर बाई होती, काका. वयानं असेल माझ्याएवढी. आधी यांना विचारलं, जन्म झाला तेव्हा तुम्ही कुठे होता? हे म्हणाले, मुंबईला, नोकरीवर. मग भाऊजींचा कागद वाचला. ते आपल्या घरी, कढईपाशी. मग त्या नातलगाचा. तो तर बाजाराच्या गावी मुक्कामाला. दोनदा वाचलं तिनं सगळं. मग चष्मा काढला आणि म्हणाली, इतके लोक तारीख सांगताहेत, पण यातलं एकही माणूस तिथे नव्हतं. अंजली बोलायला लागली, कलम अमुक, कलम तमुक. हे खाली बघायला लागले. स्वप्नाचा चेहरा पांढरा पडला."

"मग?"

"मग मी म्हटलं, मॅडम, आय वॉज देअर."

शैला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं इंग्रजी चुकलं. म्हणून पुन्हा म्हटलं, डॉटर बॉर्न, आय वॉज देअर. होल नाइट. कोजागिरी, होल व्हिलेज अवेक. मी टू. तर ती हसायलाच लागली, काका. डोळे पुसले तिनं. म्हणाली, आय हॅव थ्री, आय वॉज देअर टू. आणि पासपोर्ट पुढे घेऊन शिक्के मारायला लागली."

मला हसू आलं ते थांबेना. टाके ओढले जात होते, मी उशी छातीशी दाबून हसत होतो, आणि शैला "हसू नका, हसू नका" म्हणत स्वतःच पदराने डोळे पुसत होती. कढई, दाखला, गुरुजी, मोठा भाऊ तालुक्याला गेला तो, सगळं डोळ्यांपुढून गेलं. हसता हसता कधी रडायला लागलो ते कळलं नाही. ऑपरेशननंतर असं होतं म्हणतात.

जरा शांत झाल्यावर मी म्हटलं, "रेखा, पुन्हा एकदा सांग बरं. सावकाश सांग. कोण कुठे बसलं होतं तिथपासून."